मॅनिफोल्डला कल्हई कशाला?

जुन्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डला आतून आरशासारखं पॉलिश केलं की इंजिन सुधारतं, पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, असं आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. माझं म्हणणं सरळ आहे: सुधारत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर उलट बिघडण्याची शक्यता जास्त. आणि हे काम करणारे, करून देतो म्हणून सांगणारे आणि पोरांना तेच शिकवणारे बरेचसे आपलेच लोक आहेत, म्हणून हा विषय इथे मांडतोय. भाषेच्या शिक्षकाने इंजिनावर बोलू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हिशेब तपासावा, माझी डिग्री नव्हे.

आधी हे खूळ आलं कुठून ते पाहू. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. उत्तरपाड्याला बनणारी ॲम्बेसेडर २०१४ मध्येच बंद झाली होती. म्हणजे काल-परवापर्यंत ज्या गाड्या पोट भरत होत्या, त्या आता हौसेच्या झाल्या. गिऱ्हाईक बदललं. पूर्वी गॅरेजच्या दारात टॅक्सीवाला उभा असायचा. त्याला संध्याकाळी मालकाला पैसे द्यायचे असायचे, पेट्रोल किती जळलं हे त्याला थेंबाथेंबाने ठाऊक असायचं. त्याला पॉलिशचं बिल दाखवलं असतं तर त्याने ते मिस्त्रीच्या तोंडावर फेकलं असतं. आता दारात डॉक्टर उभा आहे, बिल्डर उभा आहे, आखातात वीस वर्षं काढून परत आलेला भाऊ उभा आहे. त्याच्या अब्बांची ॲम्बेसेडर होती, ती त्याला पुन्हा उभी करायची आहे. तो महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी गाडी काढणार. त्याला फरक मोजता येत नाही, पण डोळ्यांना दिसणारी गोष्ट त्याला विकता येते. म्हणून चमक विकली जाते.

सगळा युक्तिवाद एका वाक्यावर उभा आहे: गुळगुळीत पाइपातून हवा सहज जाते. ऐकायला बरोबर वाटतं. शाळेतल्या विज्ञानाइतकं खरंही आहे. प्रश्न असा की किती सहज, आणि त्याने इंजिनाला काय मिळतं?

ॲम्बेसेडरचंच घेऊ. तिचं गाजलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास. गाडी चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, चार हजारांच्या वर फेऱ्यांनी पळवली, तर मॅनिफोल्डच्या साधारण तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून हवा सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने जाते. नळीची लांबी वीतभर, फार तर पंचवीस सेंटिमीटर. वाळूच्या साच्यात ओतलेल्या खरखरीत भिंतीचं घर्षण आणि आरशासारख्या भिंतीचं घर्षण यांतला फरक पाइपातल्या प्रवाहाच्या नेहमीच्या सूत्राने काढला, तर तो हवेच्या दाबाच्या पाव टक्क्याच्या आसपास येतो. पन्नास हॉर्सपॉवरचा पाव टक्का म्हणजे एका हॉर्सपॉवरचा आठवा हिस्सा. तोही फक्त गाडी जीव तोडून पळत असताना. मागच्या सीटवर बसलेल्या खालाजान उतरल्या तर याहून जास्त फरक पडेल.

शहरात तर तेवढाही पडत नाही. चाळीसच्या स्पीडने जाताना ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतो. म्हणजे कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि ती मुद्दाम इंजिनाचा गळा आवळून धरते. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज लावून बघा, चांगल्या इंजिनात काटा अठरा ते वीस इंच पाऱ्यावर उभा राहतो. बाहेर हवेचा सगळा दाब तीस इंच, आणि त्यातला निम्म्याहून जास्त त्या एका चकतीने अडवलेला. हवा एक पंचमांश झाली की भिंतीचं घर्षण पंचविसाव्या हिश्शावर येतं. पुढचं दार कुलूप लावून बंद आहे आणि आपण आतल्या बोळाची फरशी घासतोय.

यावर काही जाणकार म्हणतात, रेसिंगवाले करतात ना. रेसिंगवाले जे करतात त्याला पोर्टिंग म्हणतात. आपल्याकडे 'पोर्टिंग-पॉलिशिंग' हा शब्द 'चहा-पाणी'सारखा एका दमात उच्चारला जातो, आणि एका शब्दाचे पैसे घेऊन दुसऱ्याचं काम केलं जातं. पोर्टिंग म्हणजे वाटेचा आकार बदलणं: वळण सुधारणं, व्हॉल्व्हच्या बैठकीजवळचा अडथळा काढणं. त्याला फ्लो बेंच लागतो, मोजमाप लागतं, कुठे थांबायचं हे कळणं लागतं. पॉलिशिंग म्हणजे त्या वाटेला चकाकी आणणं. पहिल्याने इंजिन बदलतं. दुसऱ्याने फोटो चांगला येतो. आणि शर्यतीची हेड तयार करणारे कित्येक कसबी लोक इनटेकची बाजू शेवटी साधारण ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरवर सोडून देतात, आरसा करत नाहीत. का ते पुढे येतंच.

याच बी-सिरीज इंजिनाची आणखी एक गोष्ट. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये एमजीए नावाची दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी आली. इंजिन तेच, १४८९ सीसी. सुरुवातीची ताकद ६८ हॉर्सपॉवर, नंतर ७२. म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरच्या जवळजवळ दीडपट. हे कशाने झालं? एकाच्या जागी दोन एसयू कार्ब्युरेटर, वाढवलेलं कॉम्प्रेशन. श्वास घ्यायला नाक मोठं केलं, नाक आतून चकाकवलं नाही. या इंजिनाची खरी अडचणही तिथेच आहे. चार सिलिंडरना हेडमध्ये इनटेकची भोकं दोनच. एक आणि दोन नंबरचा सिलिंडर एका वाटेने हवा घेतात, तीन आणि चार दुसऱ्या वाटेने. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एका वाटेवरचे दोघे लागोपाठ ओढतात आणि मग बराच वेळ दोघेही गप्प. दोन भाऊ एका ताटात जेवायला बसल्यावर जे होतं तेच तिथे होतं. ताट घासून लख्ख केल्याने वाटणी सारखी होत नाही.

आता मुख्य मुद्दा. तो हवेचा नाही, पेट्रोलचा आहे. कार्ब्युरेटरमधून मॅनिफोल्डमध्ये नुसती हवा जात नाही. हवेबरोबर पेट्रोलचे तुषार जातात. सगळे तुषार हवेत तरंगत नाहीत. वळण आलं की हवा वळते, जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर साचतो आणि हवेच्या मागून सावकाश सरकत राहतो. भिंत थोडी खरखरीत असेल तर तो थर पसरून राहतो, उष्णता मिळाली की उडून जातो. भिंत आरशासारखी असेल तर तेच पेट्रोल एकत्र येऊन ओघळ धरतं. काचेवरून पाणी ओघळतं आणि भाजक्या विटेवर पसरतं, इतकी साधी गोष्ट आहे. हा ओघळ ज्या सिलिंडरकडे गेला तो ओला, दुसरा सुका. मग सकाळी थंड गाडी दोन-तीनदा चोक ओढून सुरू होते, एकदम ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गुदमरते, आणि चार प्लग काढून पाहिले तर दोन काळे, दोन पांढुरके.

ज्यांनी ही इंजिनं बनवली त्यांना हे ठाऊक होतं. म्हणून जुन्या इंजिनांमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट शेजारी शेजारी ठेवून एक्झॉस्टची उष्णता इनटेकच्या तळाला मिळेल अशी सोय केलेली असते. काही मॅनिफोल्डच्या तळाला तर मुद्दाम कंगोरे ओतलेले असतात, साचलेलं पेट्रोल एका बाजूला वाहून जाऊ नये म्हणून. आमच्याकडचे पॉलिशवाले हेच कंगोरे 'कास्टिंगचा दोष' म्हणून घासून सपाट करतात. कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत जाऊन विचारा, साच्यात मुद्दाम कोरलेली रेघ आणि चुकून आलेली रेघ यांतला फरक तिथला साधा मोल्डरसुद्धा सांगेल.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक टपली मारतो. खरखरीत भिंतीचं समर्थन करताना काहीजण गोल्फच्या चेंडूवरचे खळगे पुढे करतात. ते उदाहरण इथे लागू नाही. चेंडू हवेतून जातो, इथे हवा नळीतून जाते; खळग्यांनी चेंडूमागचा भोवरा लहान होतो, नळीत तसं काही घडत नाही. आपली बाजू बरोबर असली म्हणून चुकीचा दाखला चालत नाही. तसंच, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं, मॅनिफोल्डमधून कोरडी हवाच येते, त्यामुळे तिथे ओघळाचं नुकसान नाही. एक्झॉस्टची बाजू गुळगुळीत केली तर काजळी कमी धरते, हेही मान्य. माझी तक्रार कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीच्या इनटेकपुरतीच आहे.

आणि आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये ओलावा आणखी वाढणार. शिवाय त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, आणि जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरमधली सीलं यांना ते सोसत नाही. ज्याच्या खिशात जुन्या गाडीसाठी पाच-दहा हजार आहेत त्याने ते आधी इथे घालावेत. पेट्रोल गळून गाडी पेटली तर आतला आरसा कोण बघणार?

'पण सर, गिऱ्हाईक स्वतः सांगतं, फरक पडला!' हे मला अनेकदा ऐकवलं जातं. फरक पडतोच, मी नाकारत नाही. मॅनिफोल्ड काढायचा म्हणजे कार्ब्युरेटर उतरला. उतरलाच आहे तर धुतला, जेटं फुंकली. नवी गॅस्केट बसली, म्हणजे कित्येक वर्षं चोरून आत येणारी हवा बंद झाली. प्लग नवे, पॉइंट घासले, टॅपेट लावले, टायमिंग बघितलं, एअर फिल्टर बदलला. एवढं केल्यावर गाडी पळणारच. हे सगळं काम पॉलिशशिवाय केलं असतं तरी तेवढीच पळाली असती. पण बिलात मोठा आकडा पॉलिशचा, ट्यूनिंगचा किरकोळ. श्रेय चमकेला मिळालं आणि कामाला मजुरीसुद्धा नीट मिळाली नाही.

माझा राग इथे आहे. गाडीचं टायमिंग कानाने ओळखणारे मिस्त्री मी पाहिलेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट ढिला आहे सांगणारे उस्ताद आपल्या मोहल्ल्यांतून अजून आहेत. हे हुनर तीस-तीस वर्षांचं आहे, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक देत नाही, कारण ते दिसत नाही. मग तेच उस्ताद झाकण उघडून म्हणतात, 'साहब, उंगली फिराके देखो.' साहेब बोट फिरवतात, खूश होतात, पैसे देतात. आपल्या सर्वांत मोठ्या कसबाला फुकट देऊन टाकायचं आणि कसब नसलेल्या कामाचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा झाला.

आणि ते कसब नसलेलं काम करतं कोण? हाताखालचा पोरगा. माझ्याकडे दहावीपर्यंत शिकलेली काही मुलं गॅरेजमध्ये लागतात. त्यातला एक भेटला. अडीच वर्षं झाली म्हणाला. काय शिकलास विचारलं तर म्हणाला, बफिंग. दिवसभर ग्राइंडर हातात, ॲल्युमिनियमची धूळ नाकातोंडात, तोंडाला हातरुमाल, डोळ्यांना काहीच नाही. टायमिंग कसं लावतात? 'ते उस्ताद लावतात, आम्हाला हात लावू देत नाहीत.' हेच पोरगं आयटीआयच्या मोटर मेकॅनिकला गेलं असतं तर दोन वर्षांत निदान इंजिन कसं श्वास घेतं ते तरी वहीत उतरवून घेतलं असतं. इथे तो उद्या स्वतःचं गॅरेज टाकेल आणि त्याला एकच गोष्ट विकता येईल.

'सर, तुम्ही आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देताय,' असं एका परिचिताने मला तोंडावर सुनावलं. बाहेर आधीच कामाची मारामार, त्यात तुम्ही लिहून गिऱ्हाईक तोडणार. मी विचारतो, पोटावर पाय कोण देतंय? बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हुजूर (स.) यांनी ढिगात हात घातला, आत धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. जुम्म्याच्या बयानात हा प्रसंग ऐकून मान डोलावणारा माणूस सोमवारी मॅनिफोल्डचं झाकण उघडून चमकता भाग वर ठेवतो, तेव्हा त्याला ही हदीस फक्त धान्यवाल्यांसाठी आहे असं वाटतं का? बरं, बहुतेकांचा हेतू फसवण्याचा नसतो, हेही मला माहीत आहे. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटतं, कारण त्यांच्या उस्तादाने सांगितलं. उस्तादाचा आदर करावा, त्याची चप्पल उचलावी. पण उस्तादाने सांगितलेलं मोजून बघितल्याने आदर कमी होत नाही.

कल्हईचं उदाहरण घ्या. आपल्यातल्या कित्येक घरांत एक-दोन पिढ्यांपूर्वी कोणी ना कोणी कल्हई करत असे. भाता, नवसागर, कथील, आणि फडक्याच्या एका फिरकीत पातेलं चांदीसारखं. तीही चमकच. पण त्या चमकेला कारण होतं: तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंचेची आमटी कळकू नये, कोणाच्या पोटात जहर जाऊ नये. भांडं बाहेरून काळंच राहायचं, कल्हई आतून, जिथे गरज तिथे. कल्हईवाल्याने कधी पोळपाटाला कल्हई करून पैसे मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

'अहो, हौसेला मोल नसतं, त्याचे पैसे, त्याची गाडी,' हा शेवटचा बचाव. बाहेरून हवं तेवढं चमकवा, व्हॉल्व्ह कव्हरला क्रोम करा, माझी हरकत नाही. पण आतून घासलेला धातू परत येत नाही. कारखाने बंद झालेत. या मॅनिफोल्डचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत नशिबाने सापडतात, तेही वापरलेले. हात सरकला आणि फ्लँजची कड गोल झाली की गॅस्केट धरत नाही, हवा चोरते, मिश्रण पातळ होतं, आणि त्याचं दुखणं प्लगपासून व्हॉल्व्हपर्यंत जातं. शिवाय २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी, इंजिनात फेरफार नको. पोर्टिंगच्या नावाखाली भोकं मोठी करून बसलेल्यांनी हे वाचून ठेवावं.

मग मॅनिफोल्डला हातच लावू नये का? लावावा की. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून वाक आहे का बघावं, असेल तर सपाट करून घ्यावा. गॅस्केटचं भोक, मॅनिफोल्डचं भोक आणि हेडचं भोक एका रेषेत नसतील तर पुढे आलेली कड तेवढी काढावी, कारण हवा भिंतीच्या खरखरीने नाही तर अशा पायरीने अडते. ओतकामाचा सुटा तुकडा चिकटलेला असेल तो फोडावा. चांगला मिस्त्री हे अर्ध्या दिवसात करतो. या अर्ध्या दिवसाचे त्याला भरपूर पैसे द्या, पॉलिशला देत होता तेवढेच द्या.

आणि ज्यांना अजूनही पटत नाही त्यांनी एक करावं. एकाच जातीचे दोन मॅनिफोल्ड घ्या, एक पॉलिश केलेला, एक ओतला तसा. गाडी एक, कार्ब्युरेटर एक, जेट आणि टायमिंग तेच, दोन्ही वेळा नवी गॅस्केट. मॅनिफोल्ड बदलणं एका दुपारचं काम आहे. कुठला बसवलाय ते चालवणाऱ्याला सांगायचं नाही. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून साठपर्यंत किती सेकंद, जाताना पाच वेळा, येताना पाच वेळा. मग टाकी काठोकाठ भरून शंभर किलोमीटर, आणि पुन्हा काठोकाठ. गाडी तुमची, मिस्त्री तुमचा. घड्याळ आणि वही घेऊन मी येतो, पेट्रोलचा खर्च माझा.